मोडशी, पेज आणि १५६३ सालचं गोव्यातलं एक पुस्तक

सुरंगी (धागाकर्ती)

मे महिन्यात आजोळी आंब्या-फणसावर ताव मारून पोट बिघडलं की आजीच्या तोंडी एकच शब्द असायचा, मोडशी. "पोरीला मोडशी झालीय, आज तिला ताटावर बसवू नका." मग दिवसभर भाताची पेज, तीत मीठ आणि जिऱ्याची पूड. मुंबईच्या शाळेत हा शब्द बोलले तर मुली फिदीफिदी हसल्या. तेव्हापासून मी तो टाकूनच दिला.

गेल्या महिन्यात तो परत भेटला, आणि भेटावा कुठे, तर १० एप्रिल १५६३ ही तारीख असलेल्या एका पोर्तुगीज पुस्तकात. पुस्तक छापलं गोव्यात. छापखाना हिंदुस्थानात येऊन तेव्हा जेमतेम सात वर्षं झाली होती. तोसुद्धा खरं तर अ‍ॅबिसिनियाला (आजच्या इथिओपियाला) निघाला होता, वाटेत गोव्यात उतरला आणि तिथेच राहिला. छपाईच्या चुका इतक्या की शेवटी पानेच्या पाने शुद्धिपत्र जोडावं लागलं. (आपल्या इथल्या काही धाग्यांची आठवण झाली.)

लेखक गार्सिया द ओर्ता हा पोर्तुगीज वैद्य. सालामांका आणि अल्काला इथे शिकलेला, लिस्बनला शिकवणारा. १५३४ साली तिशी ओलांडलेला हा माणूस मार्तिम अफोंसु द सौझा या कप्तानाबरोबर गोव्याला आला तो परत गेलाच नाही. दवाखाना, थोडाफार व्यापार, शिवाय अहमदनगरला बुऱ्हाण निजामशहाकडे वैद्य म्हणून येणं-जाणं. १५५४ च्या सुमारास मुंबईचं बेट त्याला भाडेपट्ट्यानं मिळालं. हो, आपलीच मुंबई.

पुस्तकाचं नाव लांबलचक आहे, पण ओळखलं जातं ते 'कोलोकियुश' म्हणून, म्हणजे संभाषणं. ओर्ता आणि रुआनो अशा दोघांच्या गप्पा. रुआनो हे काल्पनिक पात्र. नुकताच जहाजातून उतरलाय, डोक्यात ग्रंथ गच्च भरलेत. तो म्हणतो, डायोस्कोरिडीस असं लिहितो, गॅलन तसं लिहितो (दोघेही प्राचीन ग्रीक वैद्य). ओर्ताचं उत्तर साधारण असं की बाबा रे, त्यांची भीती मला घालू नकोस, मी पाहिलंय ते सांगतो. सोळाव्या शतकात शिकलेल्या वैद्यानं हे छापून म्हणणं म्हणजे आपल्याकडे एखाद्या शास्त्र्यानं भर सभेत "ग्रंथात काहीही असो" म्हणण्यासारखं. दीड हजार वर्षं युरोपात दालचिनी, हिंग, मिरीवर जे लिहिलं गेलं, त्यातलं बरंच कुणीही झाड न बघता लिहिलेलं होतं. हेरोडोटस या ग्रीक इतिहासकाराच्या मते तर मोठे पक्षी दालचिनीच्या काड्यांची घरटी बांधतात आणि लोक ती युक्तीनं खाली पाडतात!

आता मोडशी. सतरावं संभाषण कोष्ठ या मुळीवर चाललंय. मध्येच एक पोऱ्या निरोप घेऊन येतो. दों जेरोनिमो नावाच्या गृहस्थाचा भाऊ आजारी आहे, ही भेटीची वेळ नव्हे हे ठाऊक आहे, पण उशीर झाला तर धोका आहे. ओर्ता विचारतो, काय होतंय, किती वेळ झाला? पोऱ्या सांगतो, दोन तास झाले, आणि आजाराचं नाव सांगतो. त्या शब्दाची पोर्तुगीज अक्षरं मी आधी 'मॉर्क्सी' अशी वाचली आणि पुढे गेले. दोन ओळींनंतर ओर्ता सांगतो की आम्ही ज्याला 'कोलेरिका पासियो' (जुलाब-उलट्यांच्या आजाराचं लॅटिन नाव) म्हणतो त्याला इथले लोक हे म्हणतात, आणि आम्ही ते बिघडवून 'मोर्देशी' केलंय. तिथे मी थांबले. मोर्देशी... मोर्शी... मोडशी! रात्रीचे साडेबारा वाजले होते, नाहीतर आईला फोनच केला असता.

पुढे लक्षणं आहेत. नाडी बुडालेली, घाम गार, डोळे खोल गेलेले, पायांत गोळे. आणि इथले लोक काय उपाय करतात? तांदळाचं पाणी पाजतात, त्यात मिरी आणि जिरं घालून. त्याचं नाव त्यानं 'कांजी' असं दिलंय.

आजीची पेज! आजी मिरी घालत नव्हती, तेवढाच फरक.

हा धागा काढायचं कारण मात्र वेगळं आहे. पुस्तकात ओर्ताच्या घरी माणसांचा राबता असतो. अंतोनिया नावाची दासी बोलावलं की झाडपाला आणून दाखवते. मालुपा नावाचा हिंदू वैद्य येऊन माहिती देतो. निजामशहाचे हकीम काय म्हणतात ते येतं. मुंबईहून आंब्याची करंडी घेऊन कूळ येतं. मग १५६७ साली क्लुसियस नावाच्या थोर वनस्पतिशास्त्रज्ञानं अँटवर्पला याचा लॅटिन संक्षेप छापला. युरोपनं वाचला तो हा. क्लुसियसनं संभाषणाचं पाल्हाळ काढून टाकलं आणि विषयवार सुटसुटीत नोंदी केल्या. रुआनो गेला. अंतोनियाही गेली. उरली औषधं.

'सागरी सफरींमुळे युरोपात विज्ञानाची पहाट झाली' हे वाक्य आपण शाळेपासून घोकतोय. ते खोटं आहे असं नाही म्हणत मी. पण त्या पहाटेची एक खिडकी गोव्यातल्या पडवीत उघडत होती आणि तिथे कुणीतरी कुणालातरी विचारत होतं, "तुम्ही ह्याला काय म्हणता?" ते विचारणं कुठे हरवलं, यावर तुमचं काय मत?

(मी इतिहासाची नव्हे, बँकेतली बाई आहे. चुकलं तर सांगा, पण प्रेमानं.)

---

गप्प_वाचक

जागा पकडून ठेवतो. सावकाश वाचून प्रतिसाद देईन. पुलेशु (पुढील लेखनास शुभेच्छा).

---

तिरफळ

आमच्या मालवणात अजून मोडशीच म्हणतत. पोरग्याक मोडशी झाली की पेज आणि लिंबाचा लोणचा. 'इनडायजेशन' म्हटला तर आमची आजी इचारतली, ह्या कसला नवीन दुखणा!

---

भाषेचा_भोक्ता

सुरंगी, तुम्ही ज्या अक्षराला 'क्स' समजून अडखळलात, ते पोर्तुगीजमध्ये 'श' उच्चारतात. गोव्यातल्या जुन्या रोमन लिपीतल्या कोंकणीत हे आजही दिसतं. म्हणजे ओर्तानं 'मोर्शी' असंच लिहिलंय. राहिला 'ड'चा 'र'. आपला ड परक्या कानाला र-सारखा ऐकू येतो. इंग्रजांनी केलेल्या गावांच्या स्पेलिंगा आठवा. तेव्हा मोडशी ते मोर्शी हे अंतर जवळजवळ शून्य आहे. त्या काळचा कोकणी माणूस हा शब्द कसा म्हणायचा, त्याचं हे ध्वनिमुद्रणच म्हणा ना.

मूळ धातू मोडणे. अंग मोडून येणं, माणूस मोडून पडणं.

खरी गंमत पुढे आहे. पोर्तुगीजांचं 'मोर्देशी' फ्रेंचांच्या कानी पडलं. त्यांना ते 'मोर द शियां' ऐकू आलं, आणि फ्रेंचमध्ये त्याचा अर्थ होतो कुत्र्याचं मरण! लोकांनी मग अर्थही तसाच लावला, इतकं वाईट मरण की कुत्र्यासारखं. कोकणातल्या आजीचा शब्द, गोव्यात वळला, पाँडिचेरीकडे जाऊन कुत्रा झाला.

अवांतर: 'कांजी' हा शब्द मूळ दक्षिणेकडचा. आपली 'पेज' संस्कृत 'पेया'वरून. गोव्यात पेजच म्हणतात, पण पोर्तुगीज आधी केरळात उतरले होते, तिथला शब्द त्यांनी सोबत आणला असणार.

---

उलट_टपाल

लेख चांगला आहे, पण मला हे कौतुक पचत नाही. (मोडशी होईल.)

हे लोक मिरीच्या पैशासाठी आले. देवळं पाडली, माणसं बाटवली, १५६० मध्ये गोव्यात इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचं धर्मन्यायालय, आणलं. त्याच राज्याचा एक डॉक्टर आपल्याच वैद्यांना विचारून पुस्तक छापतो आणि आपण त्याच्या निरीक्षणशक्तीवर धागे काढतो. आणि विनम्र वगैरे म्हणाल तर तसंही नाही. त्यानंच लिहिलंय ना, की रोमनांना शंभर वर्षांत कळलं नाही ते आता पोर्तुगीजांमुळे एका दिवसात कळतं? पोर्तुगीजांमुळे! मालुपामुळे नाही म्हणाला.

---

सुरंगी

@उलट_टपाल, ते वाक्य आहे खरं आणि मलाही खुपलं. अंतोनिया दासी आहे हेही विसरता येत नाही. ती हौसेनं झाडपाला आणत नव्हती.

पण इन्क्विझिशनचं नाव काढलंत म्हणून सांगते. ओर्ताचे आईवडील मूळचे स्पेनमधले ज्यू. १४९२ मध्ये तिथून हाकलले गेले, पोर्तुगालात आले, १४९७ मध्ये तिथे सक्तीनं ख्रिस्ती केले गेले. असल्या घराण्यांना 'नवख्रिस्ती' म्हणत आणि त्यांच्यावर कायम डोळा असे. मागे राहिलेल्या बहिणींना लिस्बनच्या इन्क्विझिशननं पकडलं होतं. सुटल्यावर त्या आईसह गोव्याला भावाकडे आल्या. लांब समुद्रापलीकडे जरा मोकळा श्वास घेता येईल असं वाटलं असेल. मग इन्क्विझिशनच गोव्यात आलं.

पुस्तक १५६३ चं. ओर्ता १५६८ मध्ये गेला, अंथरुणावर. पुढच्याच वर्षी बहीण कातारिनाला गोव्यात जिवंत जाळलं, लपून ज्यू धर्म पाळल्याच्या आरोपावरून. आणि १५८० मध्ये खुद्द ओर्ताची हाडं थडग्यातून उकरून काढून जाळली.

हे वाचल्यावर "मी पाहिलंय ते सांगतो" हे त्याचं वाक्य मला पहिल्यासारखं वाचता येईना. धर्माबद्दल पोटात एक आणि ओठांवर एक ठेवणारा माणूस झाडांबद्दल मात्र बिनधास्त बोलतोय.

---

फोर्टातला_कारकून

आंब्याच्या करंडीबद्दल थोडं लिहा की! मी वाचलंय त्याप्रमाणे, ओर्ता आणि रुआनो व्हरांड्यात बसलेत, खाली दोन छोटी गलबतं येताना दिसतात. ओर्ता नोकराला पिटाळतो, बघ कोण आलंय. तो येऊन सांगतो, तुमचं मुंबईचं कूळ आलंय, गव्हर्नरला भेट द्यायला आंब्याची करंडी आणलीय, होडी बांधून वर येतो म्हणाला. मग ओर्ता फुशारकी मारतो की माझ्या बेटावर एक आंबा आहे त्याला वर्षातून दोनदा बहर येतो. मे अखेरचे आंबे वासाचवीला सरस, पण हे अवेळी येतात म्हणून अपूर्वाईचे. आणि लगेच, चल, साहेबांआधी आपण चाखू. काढ रे सहा आंबे!

गव्हर्नरच्या करंडीतले सहा आंबे आधी आपल्या पोटात. मुंबईकर कधीपासून असे आहेत याचा लेखी पुरावा.

त्याचा वाडा होता त्याच जागी पुढे इंग्रजांचा किल्ला झाला. आज तिथे नौदल आहे, आपल्याला आत सोडत नाहीत. मी रोज त्या भिंतीवरून चालत स्टेशन गाठतो. आंब्याचं झाड काही दिसत नाही.

---

डॉ_बाराखडी

थोडी थंड पाण्याची चूळ.

एक, 'कॉलऱ्याचं पहिलं वर्णन ओर्ताचं' असं कुणी म्हणू नये (सुरंगीताईंनी म्हटलेलं नाही, पण खाली कुणीतरी म्हणणार, म्हणून आधीच). आपल्या संहितांमध्ये 'विसूचिका' आहे, ती कितीतरी जुनी. पोर्तुगीजांपुरतं बोलायचं तरी ओर्ताच्या आधी गोव्यात १५४३ साली साथ आली होती आणि गास्पार कोरेया या बखरकारानं ती नोंदली आहे. तोही हाच शब्द देतो. इतकी माणसं मरत होती की घंटा दिवसभर वाजत राहायच्या, शेवटी गव्हर्नरनं घंटा वाजवायला बंदी केली. (हा गव्हर्नर म्हणजे ओर्ताला घेऊन आलेला तोच सौझा.) त्यानंच इस्पितळात दगावलेल्या एका माणसाचं प्रेत सगळ्या वैद्यांना जमवून उघडायला लावलं. आत काय सापडलं? काहीच नाही. फक्त जठर आक्रसून कोंबडीच्या पोट्यासारखं झालेलं, भाजलेल्या चामड्यासारख्या सुरकुत्या पडलेलं. चिकनवाला कलेजीबरोबर देतो तो पोटा. रोग्याच्या अंगातलं सगळं पाणी निघून गेल्याचं इतकं नेमकं चित्र मी पाठ्यपुस्तकातही वाचलेलं नाही.

दोन, हा आजचाच कॉलरा का? लक्षणांवरून दाट शक्यता आहे, पण जंतू दिसल्याशिवाय मी सही करणार नाही. कॉख साहेबांनी तो इजिप्त आणि कलकत्त्यात दाखवला १८८३-८४ मध्ये. तोवर पोट वाहून माणूस आठ-दहा तासांत गेला की पटकी, जरीमरी, मोडशी, काहीही नाव पडायचं.

तीन, कांजी. इथे मात्र मी टोपी काढतो. भाताच्या पाण्यातल्या पिठुळ भागातून आतड्यात हळूहळू ग्लुकोज सुटतं. ग्लुकोज आत शिरताना मिठातलं सोडियम सोबत घेतं आणि त्यांच्या मागून पाणी जातं. जुलाब चालू असतानाही ही वाट बंद होत नाही. हे कळायला विसावं शतक उजाडावं लागलं. १९७१ मध्ये पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत सलाइन संपल्यावर डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचं पाणी पिंपात कालवून वाटलं. तिथलं ३० टक्क्यांच्या आसपास असलेलं मृत्यूचं प्रमाण ४ टक्क्यांच्या खाली आलं. पुढे साखरेऐवजी तांदळाची पेस्ट वापरूनही प्रयोग झाले.

पण हुरळून जाऊ नका. ओर्ताच्या त्याच परिच्छेदात रोग्याच्या पायाला डागण्याचाही उपाय आहे. आजीच्या बटव्यात पेजही असते आणि डागणंही. आम्हाला ओपीडीत अजून डागलेली पोरं दिसतात, म्हणून सांगितलं.

---

खाडीपलीकडे

डॉक्टर, झक्कास प्रतिसाद. पोटा खाताना यापुढे आठवण येईल, धन्यवाद म्हणू की नको कळत नाही.

'विचारणं' या मुद्द्यावर समुद्राकडून थोडं. माझे आजोबा गलबतावर तांडेल होते, त्यामुळे हा विषय निघाला की मला राहवत नाही.

वास्को द गामा १४९८ च्या एप्रिल अखेरीस आफ्रिकेच्या मालिंदी बंदरातून निघाला. सोबत तिथल्या राजानं दिलेला वाटाड्या होता, या समुद्राचा जाणकार. (तो इब्न माजिद हा नावाजलेला अरब दर्यावर्दी होता ही गोष्ट बहुतेक अभ्यासक आता मानत नाहीत, नंतरच्या पोर्तुगीज बखरकारांनी तो गुजराती म्हणून नोंदलाय.) नैऋत्येचे वारे नुकते सुरू होत होते. तीनेक आठवड्यांत मलबार समोर.

परतताना भांडून-तंडून निघाला, वाऱ्याचं कुणाचं ऐकलं नाही. ऑक्टोबरच्या सुरुवातीला कारवारजवळच्या अंजदीव बेटावरून जहाजं सोडली. आपल्याकडच्या कुठल्याही खलाशाला विचारलं असतं तर त्यानं सांगितलं असतं, थांब, ईशान्येचा वारा धरू दे. तोच समुद्र ओलांडायला जवळजवळ तीन महिने लागले. हिरड्या सुजून दातांवर आल्या, स्कर्व्हीनं तीसेक माणसं मेली. पलीकडे पोचल्यावर तीन जहाजं चालवायला माणसं पुरेनात म्हणून एक जाळून टाकावं लागलं.

जाताना विचारलं तर तीन आठवडे, येताना नाही विचारलं तर तीन महिने. इंग्रजीतला 'मान्सून' पोर्तुगीजांमार्फत अरबी 'मौसिम'वरून आला, आणि आपण त्यालाच मोसमी वारे म्हणतो. शब्द घेतला, अक्कल उशिरा आली.

आणि अरबी खलाशांचं 'कमाल' बघितलंय का कुणी? हाताच्या पंजात मावेल अशी लाकडाची फळी, मध्ये भोक, त्यातून दोरी, दोरीला गाठी. प्रत्येक बंदराची एक गाठ. ती गाठ दातात धरायची, दोरी ताणायची, फळीची खालची कड क्षितिजाला लावायची. ध्रुव वरच्या कडेला टेकला की समजायचं, बंदराच्या रेषेत आलो, आता सरळ पूर्वेला. मोजमाप बोटांत. पोर्तुगीजांनी ते पाहिलं आणि घेतलंही. आजोबांकडे होकायंत्र होतं, पण ध्रुवावर बोटं धरून बघायची सवय त्यांची शेवटपर्यंत गेली नाही. आम्ही विचारलं की म्हणायचे, "बघतोय जागेवर आहे का."

---

उलट_टपाल

@खाडीपलीकडे, हे पटलं. माझा राग पुस्तकावर कमी आणि त्याच्या जाहिरातीवर जास्त आहे, हे कबूल.

ओर्ताच्या बाजूनं एक मीच सांगतो, मग कुणी म्हणायला नको एकांगी. हिंगाचा किस्सा. विजयनगरात एका पोर्तुगीजाकडे उमदा घोडा होता, पण त्याला वायूचा भयंकर त्रास. राजा काही घेईना. पोर्तुगीजानं त्याला पिठातून हिंग चारला, घोडा ठणठणीत, राजानं विकत घेतला. काय दिलंस विचारल्यावर हा म्हणाला, हिंग. राजा म्हणे, मग नवल काय, तू त्याला देवांचं अन्न दिलंस! यावर पोर्तुगीज हळूच आपल्या भाषेत पुटपुटला, देवांचं कसलं, सैतानांचं म्हणा.

विनोद आपल्यावर आहे, पण चांगला आहे.

---

गप्प_वाचक

वाचलं. दोनदा. एक अवांतर भर: याचं इंग्रजी भाषांतर १९१३ मध्ये क्लेमेंट्स मार्कम यांनी केलं. हेच ते मार्कम ज्यांनी १८६० च्या आसपास पेरूमधून सिंकोनाची रोपं काढून निलगिरीत आणवली, क्विनाइनसाठी. तिथल्या लोकांना ती बाहेर जायला नको होती. एका देशातली औषधी झाडं दुसरीकडे नेणाऱ्या माणसानं म्हातारपणी ओर्ता भाषांतराला निवडावा, यात काहीतरी आहे. काय ते मला नीट सांगता येत नाही.

---

कोचीकर

इथे सहसा लिहीत नाही, पण सुरंगीताईंचा शेवटचा प्रश्न वाचून लिहावंसं वाटलं. आमचं घराणं मूळ गोव्याचं. पोर्तुगीजांच्या काळात पळून कोचीला गेलेल्या कोंकणी कुटुंबांपैकी. आता ठाण्यात.

ओर्तानंतर शंभर-सव्वाशे वर्षांनी कोचीत डच आले. त्यांचा गव्हर्नर हेंड्रिक व्हान रीड. त्यानं मलबारच्या वनस्पतींवर बारा खंड काढले, 'होर्तुस मलाबारिकुस', अ‍ॅमस्टरडॅमला १६७८ ते १६९३. सातशेच्या वर झाडं, मोठाली चित्रं. माहिती सांगणाऱ्यांत मुख्य इट्टी अच्युतन नावाचे एळवा समाजाचे वैद्य, त्यांच्या घराण्यातल्या ताडपत्रांवरून. शिवाय तीन कोंकणी ब्राह्मण: रंगभट, विनायक पंडित आणि अप्पूभट. मजकूर मल्याळममधून पोर्तुगीजमध्ये, त्यातून डचमध्ये, त्यातून लॅटिनमध्ये गेला. एवढ्या हातांतून गेल्यावर सांगणारा उरतो कशाला?

पण इथे उरला. पहिल्याच खंडाच्या सुरुवातीला अच्युतन यांचं प्रमाणपत्र त्यांच्या लिपीत छापलंय, आणि या तिघांचं कोंकणीत, नागरी अक्षरांत. साल १६७५. सकाळ-संध्याकाळ बसून आम्ही ही माहिती दिली, अशा अर्थाचं.

लहानपणी आमच्या वडिलांनी त्या पानाची एक काळपट झेरॉक्स आणली होती. मल्याळम शाळेत जाणाऱ्या आम्हा पोरांना ती समोर धरून म्हणाले, वाचा. अक्षरं वळणानं जुनी, निम्मी लागली नाहीत. लागली तेवढी घरात बोलतो ती भाषा होती. वडील काही बोलले नाहीत, घडी घालून पंचांगात ठेवून दिली.

लिनिअसनं पुढे झाडांना नावं देताना या खंडांचा भरपूर आधार घेतला. केरळातल्या प्रा. मणिलाल यांनी कित्येक वर्षं खपून इंग्रजी भाषांतर केलं, ते २००३ मध्ये आलं.

---

सुरंगी

@कोचीकर, तुमचा प्रतिसाद ऑफिसात वाचला आणि समोरच्या काकांना पासबुक भरून द्यायचं राहूनच गेलं. ती झेरॉक्स अजून असेल तर त्या पानाचा फोटो इथे टाकाल का? घरच्यांची परवानगी घेऊन.

---

कोचीकर

पंचांग बदललं की वडील ती नव्यात सरकवायचे. भावाकडे असणार. विचारतो.

---

पणजीची_पोर

अवांतर नाही, अगदी समांतर: पणजीत चर्चच्या चौकात पालिकेची बाग आहे ना, तिचं नाव गार्सिया द ओर्ता. मी कॉलेजच्या दिवसांत तिथे रोज बसायचे, भेळ खात, आणि मला वाटायचं कुणीतरी गव्हर्नर असेल. कामोइंश या पोर्तुगीज महाकवीची छापलेली पहिली कविता ओर्ताच्या याच पुस्तकात आहे हेही मला गेल्या वर्षी कळलं. बागेला त्याचं नाव कुणी सुचवलं असेल त्याला विनोदबुद्धी होती. हाडं जाळली, झाडं ठेवली.

---

तिरफळ

सुरंगीबाय, एक इचारूचा रवला. तुमच्या आजीन पेजेत मिरी घातली नाय म्हणतास. आमच्याकडे घालतत. नक्की नाय?

---

सुरंगी

काल रात्री आईला फोन केला. सगळं सांगितलं, ओर्ता, कांजी, १५६३. ती बराच वेळ गप्प. मग म्हणाली, "मिरी नव्हती असं कोण म्हणतं? चार-पाच दाणे ठेचून घालायची. तुम्हा मुंबईच्या पोरांना तिखट लागायचं म्हणून वाटीत ओतताना गाळून घ्यायची."